बेतून केलेलं विमान

मानवतला आमचं दुकान म्हणजे एका शटरमागचे दोन धंदे. पुढच्या भागात माझा नवरा मोटारी भरतो, म्हणजे शेतकऱ्यांच्या विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळतो. मागच्या भागात मी ब्लाऊज शिवते. मध्ये जाड पडदा आहे, कारण जळक्या वार्निशचा वास नव्या कापडाला लागला की गिऱ्हाईक बायका नाक मुरडतात. वीस वर्षं आम्ही पडद्याच्या दोन बाजूंना बसून संसार केला. एकमेकांच्या कामात कधी हात घातला नाही.

विमानाचा नाद त्याला नांदेडला लागला. तांब्याची तार आणायला गेला होता. तिथं एका मोकळ्या मैदानावर तीन-चार माणसं रिमोटवरची छोटी विमानं उडवत होती. हा परतीची गाडी सोडून तिथंच उभा राहिला. संध्याकाळी घरी आला तो रिकाम्या हातानं. तार विसरला होता.

"अगं, खेळणं न्हाई ते," पाय धुता धुता सांगायला लागला. "पुरं विमान हाय. शेपटीची पट्टी हलती, पंखाची हलती. आत माणूस बसला न्हाई, एवढंच."

या माणसाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. म्हणून त्यानं पुण्याच्या एका दुकानातून बारा हजारांचं तयार विमान मागवलं तेव्हा मी काही बोलले नाही. आठ दिवसांनी भलं मोठं खोकं आलं. माझ्या कटिंगच्या टेबलावरच आम्ही ते उघडलं. थर्माकोलसारख्या पांढऱ्या, जरा चिवट फोमचं विमान होतं. चार स्क्रू आवळले, बॅटरी बसवली, झालं. चहा गार व्हायच्या आत विमान तयार.

गावाबाहेर गायरान आहे. उघडा, मुरमाड माळ, मध्ये दोन-चार बाभळी आणि पलीकडे काळ्या रानात कपाशी. दर रविवारी सकाळी आम्ही मोटारसायकलवर तिकडं जायला लागलो. मी मागं बसायचे, विमान मांडीवर. तीन रविवार त्यानं ते उडवलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मान वर करून "बग, बग, वळायलंय!" असं ओरडतो आहे, हे मी नवीनच बघत होते. लग्नात फोटो काढतानासुद्धा तो इतका हसला नव्हता.

चौथ्या रविवारी वारं होतं. विमान वाऱ्याबरोबर लांब कपाशीवर गेलं, ठिपक्याएवढं दिसायला लागलं. ते आपल्याकडं येतंय की आपल्यापासून जातंय, हेच त्याला कळेना. त्यानं डावीकडं वळवायला म्हणून रिमोटवरची काडी दाबली आणि ते नाकावर खाली गेलं. आम्ही पळत गेलो तर पंख्याचं पातं मातीत रुतलेलं, मोटारीतून धूर निघत होता आणि पंख मधोमध मोडला होता. त्यानं सगळे तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला. नुसता पंख पाच हजारांना, तोही महिन्यानं येणार. महिन्यानं कळलं की त्या विमानाचे सुटे भागच यायचे बंद झाले. नवं पूर्ण विमान घ्या म्हणाला, आता पंधरा हजार. का, तर डॉलर वाढला, कर वाढला, आणि बॅटरी असलेलं खोकं विमानानं आणायला जास्त पैसे पडतात.

"म्हंजी विमानाला विमानाचं भाडं?" नवऱ्यानं विचारलं.

"तसंच म्हणा," दुकानदार म्हणाला.

नवरा म्हणाला, पुढच्या साली भाव उतरेल. तुटलेलं विमान खोक्यात घालून त्यानं माळ्यावर टाकलं. पुढच्या साली तेच विमान एकोणीस हजारांवर गेलं. आता आम्ही काही उपाशी मरणारी माणसं नाही. मोटारी जळतात आणि ब्लाऊज लागतात, तोवर आमचं बरं चाललं आहे. पण जे एका वाऱ्याच्या झोतात खलास होतं आणि ज्याचा सुटा भागही मिळत नाही, त्याला एकोणीस हजार घालायला त्याचं मन धजेना, आणि माझंही. मला वाईट वाटायचं ते वेगळ्या गोष्टीचं. रविवारी तो आता दुकानातच बसून राहायचा. कुणी बोलावलं तर यायचा, नाही बोलावलं तर तारेची रिळं एकावर एक रचून ठेवायचा आणि परत काढायचा.

भादव्यात महालक्ष्म्यांसाठी साफसफाई करताना मी ते खोकं खाली काढलं. मोडलेला पंख उलटसुलट करून बघितला. आत काही नव्हतं. फोम आणि मध्ये एक काळी दांडी. हे साच्यातून काढलेलं होतं. साचा ज्याच्याकडं, मालकी त्याची. मी पडद्याच्या पलीकडं जाऊन विचारलं, "अहो, ह्ये फोमचं यायच्या आदी लोकं कसं करायची विमान?"

"लाकडाचं. अजून बी मिळतंय तसं. किट म्हणतात. पातळ लाकडाचे कापलेले तुकडे येत्यात, संगं नकाशा. महिनाभर जोडत बसायचं. आपल्याला कुठं जमायलंय?"

"कितीला?"

"साडेचार-पाच हजार."

"आन तयार एकोणीस."

"हां."

"मग जमवावं लागंल," मी म्हणाले.

त्यानं हसून मान हलवली आणि परत मोटारीत डोकं घातलं. मी त्याच्या फोनवरून नंबर घेतला आणि दुपारी स्वतःच दुकानदाराला फोन लावला. किट पाहिजे म्हटलं.

"ताई, किट कुणासाठी? नवशिक्याला अवघड जातं. अर्धे लोक अर्ध्यावर सोडतात."

"माझ्यासाठी."

"आधी कधी काही केलंय असं?"

"पंचवीस वर्षं कापड बेतायलेय," मी म्हणाले. "कागदावरचं बघून अंगावर बसंल असं करायचं, एवढंच काम हाय माझं. तुमचा नकाशा बरोबर असंल तर विमान बी बरोबर होईल."

तो हसला, पण पाठवलं. मोटार, रिमोट आणि विमानातल्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी त्यानं वेगळ्या घ्यायला सांगितल्या. मी म्हटलं, जुन्या विमानातल्या आहेत. रिमोट चांगला होता, छोट्या मोटारी चांगल्या होत्या. फक्त मुख्य मोटार जळाली होती. आणि जळाली मोटार हा आमच्या घरात प्रश्न नव्हताच.

किट आलं ते पितृपक्षात. या पंधरवड्यात कुणी नवं ब्लाऊज टाकत नाही, आणि पाऊसपाणी असल्यानं शेतातल्या मोटारीही बंद असतात. दोघांचे हात रिकामे. खोकं इतकं चपटं आणि हलकं होतं, की नवऱ्याला वाटलं आपल्याला फसवलं. आत बोटाच्या नखानं खूण उमटेल अशा मऊ, पांढऱ्या लाकडाच्या पातळ फळ्या होत्या. बाल्सा म्हणतात त्याला. फळ्यांमधले तुकडे कापून तयार होते, पण सुटे केलेले नव्हते.

"लाकडाचे पापड पाठवलेत," तो म्हणाला.

मी मात्र नकाशा उलगडला आणि माझ्या जिवात जीव आला. टेबलभर कागद. त्यावर पंख, शेपूट, धड, सगळं खऱ्या मापाचं काढलेलं. हे मला वाचता येत होतं. टेबलावर नकाशा, त्यावर पातळ प्लास्टिक, त्यावर लाकूड, आणि जागच्या जागी ठेवायला टाचण्या. टाचण्या माझ्याकडं डबाभर होत्या. मी कामाला लागले. पंखाच्या फासळ्या एकेक करून उभ्या करायच्या, मधली पट्टी त्यांच्या खाचांत बसवायची, सांध्याला लाकडाचा पांढरा डिंक टोकदार काडीनं लावायचा. नवरा पडद्याच्या अलीकडं आला. पहिले दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी फासळ्या घासून द्यायला लागला.

चौथ्या दिवशी एक पंख झाला, आठव्या दिवशी दुसरा. मी शेजारच्या दोन बायकांना बोलावून दाखवलंसुद्धा. दोन्ही अर्धे मधल्या वेळात जोडलेल्या धडाला लावून बघायला घेतले आणि माझे हात थांबले. एक अर्धा बरोबर बसत होता. दुसरा बसवला की त्याची पुढं हवी ती जाड कड मागं यायची. फिरवला की पोट वर यायचं. मी चार वेळा फिरवून बघितला.

नवऱ्यानं हळूच विचारलं, "दोनी डावेच झालेत का?"

झाले होते. नकाशावर एकच अर्धा काढलेला होता, दुसरा उलटा करायचा होता. तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. मी, जिनं आयुष्यात हजारो बाह्या कापल्या आणि एकदाही दोन डाव्या बाह्या केल्या नाहीत, त्या मी दोन डावे पंख केले होते. शेजारणींना बोलावून दाखवले होते. मी तिथून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भाकरीचं पीठ मळायला लागले. रडले नाही, पण पीठ फार मळलं.

तो मागून आला. मला वाटलं आता म्हणेल, तरी मी सांगत होतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "मी पहिल्यांदा तीन हॉर्सपॉवरची मोटार भरली तवा उलटी फिरली. पाणी वर यायच्या ऐवजी ती नुसती घुमायली. शेतकरी चार लोकांत मला काय काय बोलला. सांगू का?"

"नका सांगू."

"मग उसवू आपण. उसवायला तर यतंय न तुला?"

कापड उसवणं वेगळं आणि डिंकानं चिकटलेलं लाकूड उसवणं वेगळं. पण तो डिंक गरम झाला की मऊ पडतो, हे मला माहीत होतं. एकदा ब्लाऊजवर सांडलेला मी इस्तरीनं काढला होता. मी इस्तरी मंद ठेवली, सांध्यावर ओलं फडकं धरलं आणि त्यावरून इस्तरीचं टोक टेकवलं. सांधा सुटला. एक एक करत अख्खा पंख सोडवायला दोन दिवस लागले. नऊ फासळ्यांतल्या दोन मोडल्या.

मी दुकानदाराला फोन करून दोन फासळ्या मागवणार होते. तोवर नवऱ्यानं एक साबूत फासळी उचलली, उरलेल्या फळीवर ठेवली, पेन्सिलनं कडेनं रेघ मारली आणि ब्लेडनं कापून काढली. घासली, दुसऱ्या फासळीला लावून बघितली. तंतोतंत. आम्ही दोघं त्या तुकड्याकडं बघत बसलो. वीतभर लाकडाचा तुकडा, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की आता हे विमान पूर्ण मोडलं तरी चालेल. त्यातला कोणताही तुकडा आम्ही करू शकतो. पुण्याचा दुकानदार बंद झाला, परदेशातला कारखाना बंद झाला, तरी आमचं विमान बंद पडणार नाही.

उजवा अर्धा करताना नकाशा उलटा कसा वाचायचा हा प्रश्न होता. मी कागदाला करडईचं तेल चोळलं. तेलानं कागद आरपार दिसायला लागला, मग तो पालथा घातला. सरळ उजवा पंख समोर. नवरात्र लागायच्या आत लाकडाचं सगळं काम संपलं.

मग नवरात्र, दसरा, दिवाळी. मला मान वर करायला फुरसत नव्हती. विमानाचा सांगाडा भिंतीवर खिळ्याला टांगलेला. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बायका त्याच्याकडं बघून विचारायच्या, आकाशकंदील लय मोठा केलाय का यंदा? या दिवसांत नवऱ्यानं जळकी मोटार भरली. ती लिंबाएवढी. त्यानं आयुष्यात हत्तीच्या पायाएवढ्या मोटारी भरल्या होत्या. चष्म्यावर दुसरा चष्मा लावून, केसासारखी तार आतल्या एकेका लोखंडी दातावर मोजून गुंडाळत होता. तीनदा उलगडली, चौथ्यांदा बरोबर बसली. बॅटरी लावली तेव्हा मोटार गुणगुणली आणि फिरली. सुलटी फिरली, हे त्यानं मला मुद्दाम पडद्याच्या अलीकडं येऊन दाखवलं.

दिवाळीनंतर राहिलं होतं वरचं आवरण. सांगाड्यावर रंगीत, पातळ प्लास्टिकचा कागद लावायचा, इस्तरीनं कडा चिकटवायच्या आणि मग मधून गरम हवा दिली की तो आकसून ढोलाच्या कातड्यासारखा ताठ होतो. या कामाला लोक घाबरतात, असं दुकानदार म्हणाला होता. मला ते काम मिळालं याचा आनंद होता. सुती, रेशमी, नायलॉन, कुठल्या कापडाला किती ऊब लागते हे माझ्या मनगटाला कळतं. मी लाल-पिवळा कागद घेतला, म्हणजे आकाशात लांबूनही कोणती बाजू वर आहे ते कळेल. तरी एका जागी इस्तरी जास्त वेळ टेकली. उजवा पंख टोकाशी पिळला गेला. नवरा घाबरला. मी पंख दोन्ही हातांनी उलट्या बाजूला पिळून धरला आणि त्याला म्हणाले, "आता तुमी शेगडीची ऊब द्या. हां, बास." गार होईपर्यंत मी तो तसाच धरून उभी राहिले. सोडला तेव्हा सरळ होता.

पौषातल्या एका रविवारी सकाळी आम्ही गायरानावर गेलो. वारं अजिबात नव्हतं. माळावर एका धनगर कुटुंबाची मेंढरं बसलेली होती. म्हातारा धनगर काठीवर टेकून उभा होता. त्यानं विमान बघितलं आणि विचारलं, "फवारणीचं हाय का?"

"न्हाई, नुसतं उडवायचं," नवरा म्हणाला.

"नुसतं?" म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, जणू मीच खरं सांगेन. मग म्हणाला, "उडवा. पण मेंढरांवरनं नेऊ नका. बुजत्यात."

रिमोट त्याच्या हातात, विमान माझ्या हातात. खडबडीत माळावर चाकं धावत नाहीत, म्हणून ते हातानंच फेकायचं होतं. मी दोन बोटांवर पंख तोलून बघितला. विमान सरळ राहिलं, ना नाक खाली, ना शेपूट.

"फेकू का?"

"थांब जरा."

"अहो, फेकू का?"

"फेक."

मी चार पावलं पळाले आणि सरळ, जमिनीला समांतर, जोरात सोडलं. ते आधी थोडं खाली बसलं. मग मोटारीनं जोर धरला आणि ते उचललं गेलं. लाल-पिवळं. सकाळचं ऊन पंखातून आरपार जात होतं आणि आतल्या फासळ्या एकेक करून दिसत होत्या. फोमच्या विमानात असं काही दिसलं नव्हतं. ते डावीकडं ओढत होतं, ते त्यानं रिमोटवरच्या बटणानं सावरलं. तीन फेऱ्या मारल्या. म्हातारा धनगर आणि त्याची सून दोघंही मान वर करून बघत होते. मेंढरांनी एकदा बघितलं आणि सोडून दिलं.

उतरवताना मात्र तो घाईत आला. विमान दगडावर आदळलं. चाकं निघाली, नाकाची पुढची फळी चिरली. नवऱ्याचा चेहरा परत तसाच झाला, चौथ्या रविवारसारखा. मी विमान उचललं, चीर बघितली आणि म्हणाले, "मंगळवारपर्यंत होईल."

मंगळवारी झालं. पुढच्या रविवारी ते परत उडालं. त्यानंतर दोनदा पडलं, दोनदा दुरुस्त केलं. त्यातलं एकदा मी पाडलं होतं, कारण तोवर मीही उडवायला शिकले होते. खरं सांगायचं तर मी त्याच्यापेक्षा बरं उतरवते. त्याला हे मान्य आहे, पण तो चार लोकांत म्हणत नाही.

आमच्या विमानाची बातमी परभणीच्या एका दातांच्या डॉक्टरांपर्यंत गेली. तेही उडवणारे. एका रविवारी चारचाकीतून आले आणि मागचं दार उघडून त्यांनी तयार विमान काढलं. मोठं, चकचकीत, चाळीस हजारांच्या घरातलं. दुसऱ्याच उड्डाणात ते बाभळीला अडकलं आणि शेपूट तुटली. डॉक्टर फांदीखाली उभे राहून म्हणाले, "गेले पैसे." मी म्हटलं, बघू द्या. शेपटीचा आकार आमच्या उरलेल्या फळीवर उतरवून घेतला, आठवडाभरात लाकडी शेपूट करून लावून दिली. उडालं.

मग ते दुकानात आले. पडद्याच्या पलीकडं स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, मला तुमच्यासारखंच एक करून द्या. तुम्ही सांगाल ते पैसे."

मला आधी बरं वाटलं. कुणालाही वाटेल. मी हो म्हणणार होते. पण धंदा म्हटलं की आधी हिशोब करायची सवय आहे, म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले. किट, कागद, डिंक, मोटार, बॅटरी. आणि मग आम्हा दोघांचे तास. इतके दिवस मी सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, की किटचं विमान तयार विमानापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. वहीतला आकडा बघून मी बेरीज परत एकदा केली. ब्लाऊजला जी मजुरी मी घेते तीच या तासांना लावली, तर माझं विमान त्यांच्या चाळीस हजारांच्या जवळ जात होतं. आमचं स्वस्त पडलं, कारण आम्ही आमचे हात फुकट धरले होते.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. "डॉक्टरसाहेब, खरं सांगते. मी करून दिलं तर ते बी तयारच विमान झालं. महाग पडंल. आन पडलं की परत माझ्याकडंच यावं लागंल तुमाला."

"मग?"

"तुमी दाताला खळगा करून त्याच्यात एवढं एवढं भरता. तुमचे हात माझ्याहून बारीक कामाचे हायेत. किट मागवा. रविवारी दुपारी हितं या. टेबल माझं, टाचण्या माझ्या. काम तुमचं."

ते हसले. बायकोला विचारून सांगतो म्हणाले. मला वाटलं, येणार नाहीत. माणसं तयार वस्तूला का जातात हे मला नीट कळतं. वेळ नसतो, धीर नसतो आणि चुकायची भीती असते. मी स्वतः माझ्या मुलीचे ड्रेस तयार घेतले आहेत, लग्नसराईत शिवायला वेळ नव्हता म्हणून. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण ते आले. सात रविवार आले. पहिल्या दिवशी त्यांनी डिंक इतका लावला की नकाशा, प्लास्टिक आणि लाकूड सगळं एकजीव झालं. दुसऱ्या रविवारी घरून दात कोरायची बारीक हत्यारं घेऊन आले आणि त्यानंतर त्यांचे सांधे माझ्यापेक्षा सुबक व्हायला लागले. नवऱ्याची आणि त्यांची चांगली गट्टी जमली. एक मोटारीचं सांगायचा, दुसरा दाढेचं. मी मशीनवर बसून दोघांचं ऐकायचे. मधला पडदा रविवारी बाजूला सारलेला असायचा, कारण दोघांना दोन्हीकडं यावं-जावं लागायचं.

त्यांचं विमान निळं-पांढरं झालं. उडवायच्या दिवशी ते आजारी माणसासारखे पांढरे पडले होते. एवढ्या लोकांचे दात काढणारा माणूस, हातात रिमोट घेऊन घाम पुसत होता. "तयार विमान उडवताना इतकी भीती कधी वाटली नाही," म्हणाले.

"आता ते तुमचं हाय म्हणून," नवरा म्हणाला.

विमान उडालं आणि साबूत उतरलं. डॉक्टरांनी ते उचलून छातीशी धरलं, त्याचं नाक-शेपूट तपासलं आणि गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि परत एकदा उडवलं.

तयार विमानांचे भाव अजून वाढतच आहेत. किटचेही वाढले, कारण ते लाकूड आपल्याकडचं नाही, बाहेरून येतं. म्हणून यंदा मी किटही मागवलेलं नाही, नुसत्या कोऱ्या फळ्या मागवल्या. तपकिरी कागदावर नकाशा मी स्वतः काढला आहे, पाच फुटांच्या पंखाचा. जुन्या विमानाची मापं घेतली, ती वाढवली, दोन ठिकाणी मला पटलं तसं बदललं. फासळ्या कापून झाल्या आहेत, चोवीस. नवऱ्यानं मोठी मोटार भरायला घेतली आहे आणि पंख थोडा जास्त रुंद झालाय असं त्याचं मत आहे. मला तसं वाटत नाही. आज दुपारी मधली पट्टी बसवायची आहे.